सगळे पुटपुटतात

१२ सप्टेंबर २०२५, वडसा

आजपासून लिहून ठेवणार आहे. या घरात तोंडाने बोलण्यात अर्थ उरला नाही. आशाबाई भिंतीकडे तोंड करून बोलते, दिव्यानी गाडी सुटत असल्यासारखी घाईत बोलते, आणि मी ‘काय?’ म्हटलं की मायलेकी एकमेकींकडे बघतात. बत्तीस वर्षं झाडीपट्टीच्या नाटकांत खलनायक केला. पोस्टरवर ‘लटारू बोरकुटे’ हे नाव असलं की पार पोंभुर्ण्यापर्यंत मंडप भरायचा. बाजारात म्हाताऱ्या अजून मला बघून बोटं मोडतात. त्या माणसाला स्वतःच्या घरात कोणी धड उत्तर देत नाही.

आता लेकीने नवीन खूळ काढलं आहे. ती नागपूरच्या एका पर्यटन कंपनीत आहे, माणसं गोळा करून परदेशात नेते. या खेपेला जर्मनी आणि फ्रान्स, जुनी मोठमोठी चर्चं आणि राजेलोकांचे किल्ले. ‘बाबा, तुमी चला,’ म्हणते. कधी? बावीस सप्टेंबरला निघायचं, दसरा तिकडेच. दसऱ्याला आमच्या मंडळाचा नारळ फुटतो आणि हंगामाच्या भूमिका जाहीर होतात, हे तिला दुधाच्या दातांपासून ठाऊक आहे. नव्या नाटकात जमीनदार आहे. तो माझाच. पण जो हजर नाही त्याचा जमीनदार कोण राखून ठेवणार?

‘मी येत नाई,’ म्हणालो.

ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि ओठ ताणून, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, ‘तिकीट झालं, बाबा.’ मी काय बालवाडीत आहे?

१४ सप्टेंबर

चौकात मुखरू दिसला. चहाच्या टपरीवर आमच्या पडदेवाल्या नूरुद्दीनसोबत बसला होता. अंगाची लाही होईल असा उकाडा, आणि या गड्याच्या गळ्यात मफलर! हातात गरम पाण्याचा पेला. गाणाऱ्या बाईसारखे नखरे. माझ्याकडे बघून त्याने मान खाली घातली. घालणारच.

झालं काय ते लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कोणी मलाच दोष द्यायला नको. आमच्या नाटकात पाठांतर कोणी करत नाही. आज एका गावात एक नाटक, उद्या दुसऱ्या गावात दुसरं, पाठ कधी करायचं? स्टेजपुढच्या खड्ड्यात प्रॉम्प्टर बसतो. तो वाक्य देतो, नट ते उचलतो आणि आपलं करून फेकतो. मुखरू माझा पहिल्यापासूनचा प्रॉम्प्टर. नांदी तोच म्हणायचा, आवाज असा खणखणीत की मंडपाबाहेरचा शेंगदाणेवाला मान डोलवायचा. माझे वाईट दिवस, चांगले दिवस, सगळे त्या खड्ड्याने पाहिले आहेत.

आणि गेल्या शिवरात्रीला, आरमोरीकडच्या एका गावात, भर कचेरीच्या प्रवेशात त्याने मला वाक्यच दिलं नाही. मी थांबलो. पुन्हा थांबलो. तो खड्ड्यात बसून नुसता तोंड हलवत होता. लोकांनी शिट्ट्या मारल्या. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पायातली मोजडी काढली आणि हाणली खड्ड्यात. त्याच्या खांद्याला लागली. लागूदे. त्यानंतर तो माझ्या घरी आलेला नाही आणि मीही बोलावलेलं नाही.

मंडळाच्या हापिसात गेलो. मालक हेमराज, मी ज्याला कडेवर घेऊन फिरवलं तो, मला बघताच मिरवणुकीत भोंगा लावल्यासारखा ओरडला, ‘भाऊ! जाऊन या! मंग पाहू!’ शेजारी पियुष बसला होता, गडचिरोलीहून आणलेला नवा पोरगा. दंडाच्या बेडक्या दाखवल्या की खलनायक होतो असं त्याला वाटतं. कानामागून आली नि तिखट झाली.

सगळ्यांचा कट आहे. मला पाठवायचं आणि भूमिका काढून घ्यायची. आणि यात माझी पोटची पोर सामील!

२४ सप्टेंबर, कोलोन

आलो शेवटी. आशाबाई रडली म्हणून आलो.

एकवीस माणसं आहेत. नागपूरची, वर्ध्याची, चंद्रपूरची. सकाळी दिव्यानीने सगळ्यांच्या गळ्यात दोरीला बांधलेली एकेक डबी अडकवली आणि तिची वायर कानात घालायला लावली. ती पुढे चालत माईकमधून बोलणार आणि हे मागून कान देणार. गुरांच्या गळ्यातली घंटी परवडली. मी डबी खिशात टाकली. मला कानात काही घालायचं नाही. हिवाळ्यात गडचिरोलीच्या डॉक्टरकडे न्यायचा घाट या मायलेकींनी घातला होता, ‘कानाची मशीन’ म्हणत होत्या. जमीनदाराच्या कानात मशीन! पब्लिक हसून हसून मरेल.

चर्च मात्र आहे बाप्पा. मान मोडते वर बघताना. बाकीचे फोटो काढत होते, मी विचार करत होतो की एवढी उंची कशाला? मग कळलं. आत आलेला माणूस मुंगीएवढा दिसावा म्हणून. हे आम्हालाही समजतं. जमीनदाराची खुर्ची आम्ही उगाच चौरंगावर ठेवत नाही.

घंटा वाजल्या तेव्हा वर्ध्याच्या गोडेबाईंनी दोन्ही कानांवर हात दाबले. रिटायर्ड मुख्याध्यापिका आहेत आणि इतक्या नाजूक! माझ्या छातीत थोडं धडधडलं, बस. एवढ्या मोठ्या घंटेचा आवाज असा मवाळ. आमच्या मार्कंड्याच्या जत्रेत एक माणूस घंटा हाणतो तर दुसऱ्याला बोलता येत नाही. म्हणजे निदान पूर्वी येत नसे.

दिव्यानी काय सांगत होती ते एक अक्षर कळलं नाही. पुटपुटते. सगळेच पुटपुटतात.

२६ सप्टेंबर, हायडेलबर्ग

ब्रह्मपुरीचा प्रफुल नावाचा औषधदुकानदार माझ्या खोलीत आहे. रोज त्याचं तोंड वाकडं. आज दिव्यानीकडे जाऊन तक्रार केली की हे टीव्ही फार मोठा लावतात. मोठा? मला जर्मन कळत नाही, आवाज तरी नीट यायला नको? आणि सकाळी हा फिरायला गेल्यावर म्हणे घड्याळाचा गजर वाजून वाजून थकला, शेजारचे दार ठोठावून गेले, मी उठलो नाही. बस माझ्यासाठी थांबली. खोटं आहे. गजर वाजलाच नाही. जर्मनीचं घड्याळ आणि असलं!

पडक्या किल्ल्यावर गेलो. भिंत आहे, खिडक्या आहेत, मागे आभाळ. हे बरं वाटलं. मोडलेला आहे तर मोडलेला दिसतो, चुना फासून ठेवलेला नाही. खाली बसलो होतो तेव्हा दिव्यानी येऊन बाजूला बसली. बराच वेळ काहीतरी बोलत होती, नदीकडे बघत. मी ‘हो, हो’ म्हटलं. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरलेले दिसले. मी विचारलं, ‘काय झालं वो?’ तर हाताने ‘काही नाही’ करून उठून गेली. आजकालच्या पोरी. रडायचं आणि सांगायचं नाही.

२७ सप्टेंबर

डोंगरावरचा पांढरा किल्ला पाहिला, ज्याची सगळीकडे चित्रं असतात. मनोरे, निळी शिखरं, मागे बर्फ. सगळे ‘वाव वाव’ करत होते. मला हसू आलं. नूरुद्दीनने सत्याण्णव साली आमच्यासाठी राजवाड्याचा पडदा रंगवला होता, तो याच्यापेक्षा चांगला. आणि गुंडाळून ट्रकमध्ये टाकता यायचा. इथल्या राजाला नाटकांचा भारी नाद होता म्हणे, गोडेबाईंनी मला कागदावर लिहून दाखवलं. या बाईला मौनव्रत आहे की काय, माझ्याशी बोलताना नेहमी लिहूनच दाखवते. राजाने नाटकासाठी खरा किल्ला बांधला. वेडा होता, पण माझ्या जातकुळीचा.

२८ सप्टेंबर, उल्म

आज एक विचित्र गोष्ट झाली. चर्चमध्ये मी तीनदा ‘काय म्हणे?’ विचारलं म्हणून गोडेबाई वैतागल्या. माझ्या खिशातून ती डबी काढली, वायर माझ्या कानात खुपसली आणि डबीची चकती पार शेवटपर्यंत फिरवली. अंगावर धावूनच जाणार होतो.

‘...तर या गावच्या लोकाईनं हे स्वतःच बांधलं, राजानं नाई. आपले पैसे, आपले हात. अन् ते बांधत बांधत पाचशे वर्षं गेले. ज्यानं पाया घातला त्यानं शिखर पाह्यलं नाई.’

दिव्यानी. माझ्या खांद्यावर बसून बोलत असल्यासारखी. शब्दाच्या शेवटी ती थोडा श्वास सोडते, तिची आजी सोडायची तसा. मला ठाऊकच नव्हतं. मी तिथेच थबकलो, मागचा माणूस येऊन आदळला. ती वीस हात लांब होती, पाठमोरी.

दिवसभर वायर काढली नाही. आणि रात्री जेवताना वायर नव्हती तर ही पोरगी पुन्हा पुटपुटायला लागली! म्हणजे हिला नीट बोलता येतं. लोकांसाठी, नोकरीसाठी नीट बोलते आणि बापाशी पुटपुटते. याचा जास्त राग आला.

३० सप्टेंबर, स्ट्रासबर्ग

झालं ते क्रमाने लिहितो.

लाल दगडाचं चर्च. दिव्यानीने सगळं समजावून सांगितलं आणि अर्धा तास मोकळा दिला. लोक इकडेतिकडे पांगले, कानात वायरी तशाच. मी एका बाकड्यावर बसून रंगीत काचा बघत होतो. आणि कानात तिचा आवाज आला. ती आईशी फोनवर बोलत होती. माईक बंद करायला विसरली होती.

‘आई, मले आता नाई होत. त्याईले ऐकू येत नाई, अन् कबूल करत नाई. हायडेलबर्गले मी त्याईले सगळं सांगत होती, तं हो हो करून राह्यले. ...नाई, मी नाई सांगत आता. त्या दिवशी मुखरूकाका बोंबलून बोंबलून सांगत होते आई, मी मंडपातच होती ना. मांगच्या रांगेले ऐकू गेलं, बाबाले नाई गेलं. अन् वरून मोजडी मारली. तरी त्या माणसानंच मले फोन लावला. म्हणे, दसऱ्याले त्याले वडस्यात ठेवू नोको, चारचौघात भूमिका काढतीन तं तो मरून जाईन...’

मी मान वर केली. खांबाजवळ प्रफुल उभा होता, कानात वायर. पलीकडे गोडेबाई, कानात वायर. चंद्रपूरचं जोडपं, वायर. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी बघताच सगळे काचांकडे बघायला लागले. मंडपात शिट्ट्या मारणारे परवडले. ते निदान तोंडावर मारतात.

मी वायर ओढून काढली. सगळं गप्प झालं. एकदम गप्प. एवढ्या मोठ्या चर्चमध्ये शंभर-दोनशे माणसं चालत होती आणि बुटांचा आवाज नाही. मला तो ऐकू येत नाही, हे पहिल्यांदा लक्षात आलं.

दिव्यानी धावत आली. तिचे ओठ हलत होते. मी म्हटलं, ‘तू मले सगळ्याईसमोर बहिरा केलं.’ फार मोठ्याने म्हणालो असेन, कारण दोन गोरे मागे वळले.

१ ऑक्टोबर

जेवलो नाही. आशाबाईचा फोन आला, घेतला नाही. ऐकू तरी काय येणार होतं?

मुखरूवरचा राग कुठे ठेवायचा ते कळत नाही. इतके महिने तो सांभाळला होता. त्याच्या जागी दुसरं काही बसत नाही.

२ ऑक्टोबर, दसरा, रीम्स

फ्रान्सच्या राजांचे राज्याभिषेक ज्या चर्चमध्ये होत ते आज पाहिलं. दारावर दगडाचा एक देवदूत आहे, तो हसतो. मला काय हसतो? तिकडे या वेळी वडस्यात नारळ फुटला असेल. पियुषच्या गळ्यात हार पडला असेल. इकडे मी गळ्यात डबी घालून उभा.

दिव्यानी आली. तिच्या हातात दोन पानं होती, रस्त्यावरच्या कुठल्यातरी झाडाची. माझ्या हातात ठेवली आणि पाया पडली. सोनं. आपट्याचं नव्हतं, पण घेतलं. सणाच्या दिवशी पोरीला विन्मुख पाठवता येत नाही. राग गेला असं नाही.

मग तिने तो माईक तोंडाजवळ धरला आणि मी वायर कानात घातली. ती समोरच उभी होती, हातभर अंतरावर, आणि आम्ही त्या यंत्रातून बोललो. म्हणजे ती बोलली. माफी मागितली. हायडेलबर्गला काय सांगत होती तेही सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही, ते तिचं आहे.

सगळं झाल्यावर मी विचारलं, ‘हा बोलाचा डबा खड्ड्यात बसलेल्या माणसाच्या हाती देता येते का?’

तिने माईक खाली घेतला.

‘आणि ही वायर,’ मी म्हणालो, ‘फेट्याखाली दिसन का?’

ती हसत होती की रडत होती, देव जाणे. मी बजावून सांगितलं की ही कानाची मशीन नव्हे. मशीन मी घालणार नाही म्हणजे नाही. हा प्रॉम्प्टर आहे.

८ ऑक्टोबर, वडसा

परत आलो. आल्या आल्या हापिसात गेलो, भांडायच्या तयारीने. हेमराजने पाटीवर बोट ठेवलं. सगळ्या भूमिकांपुढे नावं, जमीनदारापुढे काही नाही. ‘काऊन?’ विचारलं. त्याने माझ्या खिशातलं पेन घेऊन वर्तमानपत्रावर लिहिलं : मुखरूकाका अडून बसले. म्हणे लटारूची तालीम घेतल्याशिवाय नाव लिहिलं तर मी खड्ड्यात बसणार नाही.

रविवारी तालीम. एक प्रवेश. जमला तर माझा, नाही तर पियुषचा.

माझ्यासाठी भीक मागितली याने? आणि मला न विचारता? मोजडी खाल्लेल्या माणसाने माझी बाजू घ्यायची म्हणजे मला जन्मभर मान खाली घालून फिरायला लावायचं. असा संताप आला की तडक त्याच्या घरी गेलो.

१० ऑक्टोबर

परवाचं आज लिहितो. मुखरू ओसरीवर होता, मफलर गळ्यात. मी त्या यंत्राचं सांगितलं, ते कसं चालतं तेही. तो ओठ हलवत होता. मी म्हटलं, ‘जोरात बोल ना.’ त्याने पुन्हा नुसते ओठ हलवले. माझ्याशी बोलायचंसुद्धा नाही! त्याची बायको सोमारी मध्ये आली आणि माझ्या कानाशी ओरडली, ‘येतो म्हणते! रविवारी येतो म्हणते!’

‘मंग त्याच्या तोंडानं सांगाले काय होते?’ मी म्हणालो. सोमारीने माझ्याकडे असं पाहिलं की मी चप्पल घालून निघालो. चोराच्या उलट्या बोंबा म्हणाली असेल. म्हणूदे. पण निदान माणसाने माणसाशी बोलावं.

१२ ऑक्टोबर

जमीनदार माझाच राहिला. हे आधी लिहितो, नंतर लिहवेल की नाही सांगता येत नाही.

हापिसामागच्या हॉलमध्ये तालीम होती. हेमराज, पियुष, नूरुद्दीन पडदे तपासायला आलेला, आशाबाई आणि रजा काढून आलेली दिव्यानी. कंपनीच्या अडगळीतली माईक-डबीची जुनी जोडी तिने मागून आणली होती. नूरुद्दीनने फेटा बांधला, वायर आत दडवली आणि आरसा दाखवला. काही दिसत नव्हतं. मुखरू खाली पाटावर बसला, हातात संहिता, तोंडाजवळ माईक.

चकती फिरवली. आधी पानांची सळसळ आली. मग त्याचा श्वास. मग खोकला.

‘ऐकू येते का रे, बैताडा?’

मी वायर चाचपली. यंत्र बिघडलं असं वाटलं. हा आवाज मुखरूचा नव्हता. नांदी म्हणणाऱ्याचा नव्हता. फुटक्या बासरीत फुंकर मारावी तसा, अर्धी हवा आणि अर्धा घासलेला सूर. मी नूरुद्दीनला जवळ ओढलं आणि विचारलं, ‘याचा आवाज असा काऊन येते? डबा खराब हाय का?’

नूरुद्दीनने मान हलवली. माझ्या कानाशी तोंड आणलं. ‘डबा अच्छा हाय, भाऊ. त्याचा गला गेला. तीन साल से बिघडत होता, शिवरात्रीले पूरा गेला. तुमच्यासाठी चिल्लावून चिल्लावून गेला. सबको मालूम हाय.’

मफलर. गरम पाणी. ओठ हलवणं. खड्ड्यात बसून त्याचं नुसतं हलणारं तोंड.

तीन वर्षं हा माणूस रोज माझ्यासाठी ओरडत होता आणि मी त्याला आळशी म्हणत होतो. तोंडावर नाही, गावभर. मला एवढा राग आला, एवढा, आणि त्या हॉलमध्ये तो काढायला माझ्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं.

हेमराजने टाळी वाजवली. प्रवेश सुरू झाला. मी पायरी चढून खुर्चीत बसलो. खाली मुखरूने माईक तोंडाला लावला, छाती भरून घेतली, आणि मला दिसलं की त्याच्या मानेच्या शिरा मफलरच्या वर ताठ उभ्या राहिल्या आहेत. हातात माईक होता तरी तो सवयीने बोंबलायची तयारी करत होता.

मी खुर्चीवरून उतरलो. हेमराज ओरडला असेल, माझं लक्ष नव्हतं. पाटासमोर उकिडवा बसलो आणि मुखरूच्या, मोजडी लागली होती त्याच खांद्यावर हात ठेवला.

‘हळू सांग, मुखरू,’ मी म्हणालो. ‘मले ऐकू येते.’